वेळासची कासवं आणि जनजागृतीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पर्यावरणाचा एखादा उपक्रम पार पडला की त्याचा अहवाल कसा येतो, ते तुम्ही पाहिलं असेल. प्रभातफेरीला इतकी मुलं, निबंध स्पर्धेला इतकी, पथनाट्याचे इतके प्रयोग, पत्रकं इतकी वाटली. खाली फोटो. फोटोत फलक आणि फलकाच्या आजूबाजूला पाहुणे. हे आकडे खोटे नसतात. पण उपक्रम करणाऱ्यांनी काय केलं, एवढंच ते सांगतात. ज्यांच्यासाठी केलं त्यांनी घरी गेल्यावर काय केलं, याची एक ओळ त्यात सापडत नाही. ती ओळ कशी शोधायची, हे पाहायला आज आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, वेळासला जाऊ.

नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांचं म्हणून ओळखलं जातं. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची माणसं कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करत होती. वेळासला त्यांना गरुडांबरोबर वाळूत पडलेली कासवाच्या अंड्यांची टरफलंही दिसली. ही अंडी ऑलिव्ह रिडले जातीची. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. मागे वळून बघायलाही येत नाही. मग कोल्हे, कुत्री आणि माणसं ती अंडी उकरायची. खायची, विकायचीसुद्धा. वन्यजीव कायदा होता १९७२ पासून, पण वाळूत रात्री कोण बघायला येणार?

संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरलं. पहाटे किनाऱ्यावर फिरायचं, मादीचा माग ओळखायचा, अंडी अलगद काढून कुंपणातल्या तशाच खोल खड्ड्यात ठेवायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की समुद्राकडे सोडायची. हे काम करणाऱ्यांना आज सगळीकडे ‘कासवमित्र’ म्हणतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घराघरात उतरू लागले, वेळासला उकडीचे मोदक खाऊन सकाळी पिल्लं बघणं हा पुण्या-मुंबईच्या लोकांचा ठरलेला बेत झाला.

आता मूल्यमापन. इथली एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे घरट्यांची नोंद. घरटं कधी सापडलं, अंडी किती, पिल्लं किती निघाली, हे लिहिलं जातं. शंभर अंड्यांतली किती उबली, या आकड्याला भाषणबाजी चालत नाही. बहुतेक जनजागृती कार्यक्रमांकडे असा एकही आकडा नसतो.

पण याच वहीत एक फसवी जागा आहे. घरटी वाढली की आपण लगेच म्हणतो, कासवं वाढली. एका किनाऱ्याऐवजी दहा किनाऱ्यांवर माणसं फिरू लागली, तर जास्त घरटी सापडणारच. शिवाय पिल्लू अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि हजारातलं एखादंच तितकं जगतं, असं मानतात. मोठ्या माद्या कुठे जातात, हेही आता कुठे कळू लागलंय. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग दाखवणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली, असंच यंत्र लावलेली दुसरी मादी ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. एवढा पल्ला मारणाऱ्या प्राण्याच्या संख्येचं श्रेय एका गावाच्या जागृतीला देणं घाईचं आहे. गावाचं श्रेय मोजायचं तर अंडी चोरीला जाणं थांबलं का, हे मोजावं. ते काम गावाच्या हातातलं होतं.

कुणी म्हणेल, पाहुण्यांचे पैसे मिळतात म्हणून अंडी वाचली, त्यात जागृती कसली? मला हा आक्षेप पटत नाही. पोटासाठी राखलेलं रानही रानच असतं. फक्त अहवालात तसं लिहावं. कारण एखाद्या वर्षी पाहुणे आले नाहीत, तर काय होईल हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

मला सगळ्यात बोलकी खूण दिसते ती किनाऱ्यावर नव्हे, होडीत. जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ च्या अखेरपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी फोटो किंवा चित्रफीत लागते, अर्ज लागतो, पैसे नंतर येतात. जाळं मात्र त्याच क्षणी कापावं लागतं. कुठल्या बंदरातून असे अर्ज येतात, कुठून एकही येत नाही आणि का, हे पाहिलं तर शाळांतली दहा व्याख्यानं जे सांगणार नाहीत ते कळेल.

पाहुण्यांचं काय? दोरीमागे उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्याला ‘कार्यक्रम कसा वाटला’ विचारून उपयोग नाही, छानच वाटणार. हाच माणूस पुढच्या सुट्टीत गुहागर-दिवेआगरला गाडी वाळूत घालतो का? समुद्राकाठच्या हॉटेलचे दिवे रात्री किनाऱ्याकडे तोंड करून जळतात का? पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि भलतीकडेच पोचतात, हे त्या मालकाला कुणी सांगितलंय का, आणि सांगितल्यावर त्याने दिवा वळवला का? याला प्रश्नावली लागत नाही, एक संध्याकाळची फेरी पुरते.

म्हणून मूल्यमापन करणाऱ्यांनी मार्चमध्ये, महोत्सवाच्या गर्दीत वेळासला जाऊ नये. जूनमध्ये जावं, पाऊस लागल्यावर, पाहुणे नसताना. मच्छीमारांच्या घरी बसावं, तिथल्या बायकांशी बोलावं. मग जिथे कासवमित्र नाहीत अशा एखाद्या किनाऱ्यावर जाऊन तेच प्रश्न विचारावेत. दोन्हीकडची उत्तरं सारखी आली, तर श्रेय कार्यक्रमाला नाही, कायद्याला किंवा बदललेल्या काळाला द्यावं लागेल. फरक दिसला, तर तो तारीख घालून लिहून ठेवावा, कारण पाच वर्षांनी पुन्हा याच माणसांकडे यायचं आहे.

नमस्कार.