चौदा कामांची हातोडी आणि चिडलेल्या कमेंट्स

(टेबलावर हत्यारं पसरलेली. हातोडी उचलून कॅमेऱ्यासमोर.)

नमस्कार मंडळी. ही हातोडी. म्हणजे खोक्यावर तरी तसं छापलंय. हातोडी, पक्कड, वायर कटर, खिळे उपटायचा पंजा, आणि दोन्ही मुठींच्या आत घड्या घालून बसवलेली सुरी, करवत, कानस, स्क्रूड्रायव्हर, बाटली उघडायचं... एकूण चौदा कामं. मागच्या व्हिडिओत मी हिला नापास केलं आणि खाली कमेंट्समध्ये जे रामायण घडलं त्यावर आज बोलायचंय. पण नापास का केलं ते आधी परत दाखवतो. भांडायला आलेल्यांपैकी बरेच जण व्हिडिओत तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

साधी हातोडी घ्या. सगळं वजन तोंडाकडे, दांडा हलका. दांडा शेवटाशी धरला की तोंडाला वेग येतो आणि खिळा त्या वजनाने आत जातो, मनगटाच्या जोरावर नाही. आता ही घ्या. दांड्यात सुऱ्या-करवती कोंबल्यात, म्हणजे निम्मं वजन मुठीत. दांडा जेमतेम वीतभर. आणि मूठ म्हणजे काय, तर पकडीचे दोन पाय. ते आवळून धरायचे आणि ठोकायचं. तळहाताचं कातडं बरोब्बर मधल्या फटीत जातं.

(कॅमेरा जवळ.)

खरी गंमत इथे आहे. हा मधला रिव्हेट, म्हणजे दोन्ही पाय जोडणारी खीळ. पक्कड याच्यावर फिरते आणि हातोडीचा प्रत्येक दणकाही यालाच बसतो. ठोकाठोक झाली की रिव्हेट सैल होतो. तो सैल झाला की दोन्ही जबडे एकमेकांसमोर नीट येत नाहीत. ही बघा, दीड स्क्वेअर एमएमची घरातली वायर. दाबतो... कापली? नाही. दुमडली. आता पक्कड पूर्ण मिटून उजेडासमोर धरतो. दोन पात्यांच्या मधून पलीकडचा दिवा दिसतोय. म्हणजे एका हत्याराने दुसऱ्याचा जीव घेतला, आणि दोघं राहतात एकाच अंगात.

पोलादाचंही तेच. कानस प्रचंड कडक लागते, नाहीतर ती लोखंड घासणार कशी? हातोडीचं तोंड तेवढं कडक असून चालत नाही. त्याचा कपचा उडाला तर तो डोळ्यात जातो, म्हणून ते थोडं सोशिक ठेवतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला पीळ सहन व्हावा लागतो. चांगला कारखाना प्रत्येकाचं पोलाद आणि पाणी देणं, म्हणजे तापवून थंड करून कडक करणं, वेगवेगळं ठेवतो. स्वस्तातल्या चौदा-इन-वनमध्ये बहुतेक सगळं एकाच पत्र्यातून कापलेलं असतं. इथली कानस मी साध्या खिळ्यावर घासली. कानसच गुळगुळीत झाली, खिळ्याला ढिम्म.

आता तुम्ही म्हणाल, एक ना धड भाराभर चिंध्या, विषय संपला. नाही हो. एवढं सोपं असतं तर हा स्क्रू पाना घरोघरी दिसला नसता.

(स्क्रू पाना दाखवत.)

हेसुद्धा अनेक कामांचं एकच हत्यार आहे. स्वीडनच्या योहान पेटर योहानसन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला याचं पेटंट घेतलं. तेव्हा प्रत्येक नटाला वेगळा पाना लागायचा आणि पान्यांचं गाठोडं घेऊन फिरावं लागायचं. त्यांनी एक जबडा पक्का ठेवला, दुसरा या चाकाने सरकता केला. पण नटाला सपाट बाजूने धरायचं, हे मूळ काम सोडलं नाही. आजही मेकॅनिक पहिल्यांदा नटाला गोल वेढणारा रिंग पानाच उचलतो, हा नंतर. पण हा फसवत नाही. फक्त जोर लावताना पक्क्या जबड्यावर भार येईल अशा दिशेने फिरवायचा, सरकत्या जबड्यावर नाही. उलटा धरून फिरवला की जबडा फाकतो, नट गोल होतो आणि शिव्या पान्याला बसतात. जाता जाता: आपल्या नाशिकच्या तापडिया टूल्सने १९६९ मध्ये हातहत्यारं बनवायला सुरुवात केली तीही स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानेच.

दुसरं उदाहरण टिम लेदरमन. १९७५ मध्ये हा अमेरिकन माणूस बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशात फक्त चाकू. वाटायचं, याला पक्कड असती तर! घरी येऊन पक्कड असलेल्या खिशातल्या हत्यारावर काही वर्षं खपला, १९८० मध्ये पेटंट मिळालं, आणि पहिली मोठी ऑर्डर यायला १९८३ उजाडलं. त्याच्या हत्यारात सगळ्यात आधी पक्कड आहे. पक्कड पक्कडीसारखी चालते, बाकीची पाती तिच्या मुठीत सामावतात. आणि मुख्य म्हणजे त्याने तिला हातोडी केलं नाही.

गंमत म्हणूनच करायचं असेल तर वेंगरचा तो अवाढव्य स्विस चाकू बघा. ८७ अवजारं, १४१ कामं, वजन किलोच्या वर. तो खिशात मावेल असं कुणी समजलंच नाही. लोकांनी त्यावर विनोदी रिव्ह्यूंचा पाऊस पाडला. त्यात फसवणूक कुणाचीच झाली नाही.

आता मागच्या व्हिडिओत नापास झालेलं हे दुसरं, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडण झालं. हे युनिव्हर्सल सॉकेट, म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या बोल्टच्या डोक्यावर बसवून फिरवायची एकच वाटी.

(आतल्या पिना दाखवत.)

आत स्प्रिंगवर बसवलेल्या पोलादी पिना. बोल्टच्या डोक्यावर दाबलं की डोक्याखाली येणाऱ्या पिना मागे सरतात, बाजूच्या पुढेच राहतात आणि डोकं चहूबाजूंनी वेढतात. साधारण ७ ते १९ एमएमपर्यंत काहीही चालतं म्हणतात, आणि बघायला खरंच मजा येते. जाहिरातीत नवा, चकचकीत बोल्ट असतो, तो फिरतोही. आता हा माझा बोल्ट, डोकं १३ एमएम, गंजलेला. साधं सॉकेट सहाही बाजूंना चिकटून बसतं. इथे पिना आधी थोड्या तिरक्या होतात, बोल्ट हलायच्या आधीच हात फिरतो, मग सगळा भार कोपऱ्यांजवळच्या मोजक्या पिनांवर. जोर दिला... गेला. कोपरे झिजले. आता १३ चा चांगला पानाही याला पकडणार नाही. आणि बोल्ट खोबणीत असेल तर या सॉकेटची भिंत एवढी जाड की ते आत जातच नाही.

तर कमेंट्स. सगळ्यात जास्त वेळा आलेलं म्हणणं असं, की दादा, तुम्ही गॅरेजच्या नजरेने बघताय, घरगुती वापराला हे ठीक आहे. हे मला अजिबात मान्य नाही, आणि आज हा व्हिडिओ करायचं कारणच ते आहे. घरगुती म्हणजे हलकं हे कुणी ठरवलं? गॅरेजमधले नट सारखे उघडतात, त्यांना ग्रीस लागतं. तुमच्या बेसिनखालचा नट घर बांधलं तेव्हा बसला, त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. वरून पाणी झिरपतंय. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर बोलायलाच नको. वाकून, एका हाताने मोबाईलची बॅटरी धरून, तो नट तुम्ही पहिल्यांदाच उघडताय. मेकॅनिकला हातात काहीही द्या, कुठे थांबायचं ते त्याच्या हाताला कळतं. नट सरकतोय की सोलवटतोय हे नवख्या हाताला कळत नाही. म्हणजे बरं हत्यार घरच्या माणसालाच जास्त लागतं, आणि विकलं काय जातं? हे.

'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणणाऱ्यांनाही उत्तर त्यातच आलं. ज्याला नाचता येतं त्याला वाकडं अंगणही चालतं. विकत घेणारा बहुतेक वेळा तो नसतो.

'एवढ्या पैशात काय सोनं मिळणार?' हे तिसरं. बरोबर आहे. पण तेवढ्याच पैशात पुण्याच्या बोहरी आळीत एक धड स्क्रूड्रायव्हर मिळतो, जो स्क्रूड्रायव्हरच राहतो.

एक गोष्ट मात्र वाचता वाचता लक्षात आली. सगळ्यात चिडलेल्यांपैकी कित्येकांनी हे स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. वडिलांच्या वाढदिवसाला दिलं होतं, नाहीतर मेहुण्याने दिलं होतं. हत्यार न वापरणाऱ्याने हत्यार वापरणाऱ्याला दिलेली भेट. म्हणून ते इतकं नटवलेलं असतं: खोकं, मखमल, चकाकी. मी हातोडीला नावं ठेवतोय आणि त्यांना वाटतंय मेहुण्याला ठेवतोय. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. साइटवरचे पाच तारेही बघा, अर्ध्यांत 'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत' एवढंच. हातोडी अजून खोक्यातून बाहेर आलेली नाही आणि तारे देऊन मोकळे! ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत यासाठी २०२२ मध्ये आपल्याकडे आयएस १९००० हे मानक आलंय खरं, पण ते ऐच्छिक आहे.

कंपन्यांची गोष्ट वेगळी, त्या कमेंट लिहीत बसत नाहीत. अमेरिकेत प्रूव्हन इंडस्ट्रीज ही ट्रेलरची कुलुपं बनवणारी कंपनी. २०२५ मध्ये ट्रेव्हर मॅकनॅली या यूट्यूबरने शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांचं कुलूप उघडून दाखवलं. कंपनी कोर्टात गेली. कोर्टाने व्हिडिओंविरुद्ध तातडीचा मनाई हुकूम द्यायला नकार दिला, आणि जुलैमध्ये कंपनीने दावाच मागे घेतला. तोवर कुलूप कसं उघडतं हे खटल्यामुळेच जगभर पोचलं होतं.

आपल्याकडे सरळ तसंच होईल असं धरून चालू नका. खोबरेल तेलाच्या एका यूट्यूब रिव्ह्यूवरून पॅराशूट तेलवाली मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढायला सांगितलं. पुढच्या महिन्यात अपिलात खंडपीठाने काही भाग वगळून तो ठेवायची मुभा दिली. म्हणून मी इथे 'भंगार' म्हणत नाही. वायर दाखवतो, फट दाखवतो, झिजलेला कोपरा दाखवतो. तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते.

युनिव्हर्सल सॉकेट घेऊन बसलाच असाल तर फेकू नका. ड्रिलला लावा आणि छताला आकडे बसवायला वापरा, त्यात ते उत्तम आहे, आकड्याला सपाट बाजू नसतातच.

आणि या हातोडीवाल्या पकडीने स्विचबोर्ड उघडणाऱ्या भावांनो, हिची मूठ उघडं लोखंड आहे. साध्या पकडीवरचं रंगीत प्लास्टिक हेही इन्सुलेशन धरू नका. विजेच्या कामाच्या पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं कोरलेलं असतं. ते नसेल तर मेन बंद करा, टेस्टर लावून बघा, आणि मग हात घाला.