टाळू

(इंदूरच्या रामबाग भागातील महिला मंडळात एका निवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नवजात बाळांच्या वॉर्डात मी 31 वर्षं नोकरी केली. किलोभराची बाळं या हातांनी उचलली. पण स्वतःचा नातू घरी आला त्या दिवशी त्याला दुपट्यातून पाळण्यात ठेवायची माझी छाती होईना. तेव्हा नर्स म्हणून नाही, आजी म्हणून बोलते आहे.

बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला अगदी नाजूक रक्तवाहिन्या असतात. रक्तदाब जरा वरखाली झाला की त्या फुटू शकतात, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. मग कधीकधी त्या रक्तानं मेंदूतल्या पाण्याच्या वाटा बुजतात, पाणी साचतं, डोकं वाढायला लागतं. आमच्या बाळाला आधी कातडीखाली एक छोटी कुपी बसवून सुईनं पाणी काढत होते. वजन दोन किलोंच्या वर गेल्यावर शंट घातला, म्हणजे डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात सोडणारी नळी. कानामागे व्हॉल्व्ह, तिथून मानेवरून, छातीवरून कातडीच्या आतून नळी थेट पोटात. पोटात ती जरा जास्तीची सोडून ठेवतात, मूल वाढेल तशी पुरावी म्हणून. वाढत्या पोराच्या झबल्याला आपण आत कापड दुमडून ठेवतो ना, तसंच.

असा सुरुवातीचा एक व्हॉल्व्ह कुणी केला माहीत आहे? अमेरिकेतल्या जॉन होल्टर नावाच्या कारागिरानं, 1956च्या सुमारास, स्वतःच्या मुलाच्या डोक्यात पाणी साठत होतं म्हणून. आमच्या नातवाचा शंट मात्र उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला बनलेला. सूनबाई म्हणाली, “आई, स्वस्तातला घातला का हो?” मी तिला सांगितलं, युगांडातल्या मुलांवर हाच आणि कितीतरी महागडा परदेशी शंट ताडून पाहिलाय. वर्षभरानंतर दोघांत फारसा फरक आढळला नाही.

आता खरी गोष्ट. बाळ घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मालिशवाली आली. माझ्या मुलाचीही मालिश तिच्याच सासूनं केली होती. तिनं वाटी पुढे ओढली आणि म्हणाली, “माँजी, तालू में तेल नहीं भरोगे तो माथा कैसे भरेगा?” आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी हेच सांगितलंय. मी तिचं मनगट धरलं. टाळू म्हणजे कवटीची हाडं अजून जुळली नाहीत ती जागा. तेलानं ती भरत नाही, हाडं वाढली की आपोआप मिटते. आणि आमच्या घरात तर तीच खिडकी होती. बाळ शांत असताना उभं धरायचं आणि बोटाचं टोक हलकेच टेकवायचं. मऊ, सपाट असेल तर ठीक. फुगलेली, ताणलेली वाटली तर आत दाब वाढलाय. फार खोल गेली असेल तर पाणी जास्त वाहून जातंय, तेही डॉक्टरांना सांगायचं. रडताना टाळू फुगतेच, त्यावरून घाबरायचं नाही.

मी घाबरले ते दुसऱ्याच कारणानं. आठवड्याला डोक्याचा घेर मोजायचा होता. मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. एका रविवारी घेर दीड सेंटिमीटरनं वाढलेला! रात्री साडेदहाला बाळाला गुंडाळून हॉस्पिटल गाठलं. तिथं मोजलं तर अर्धा सेंटिमीटरच. माझी जुनी टेप डोक्याला सैल गुंडाळलेली, वर मी ती भुवयांच्या वरून न नेता कानांवरून नेली होती. हसू नका, 31 वर्षं नोकरी केलेल्या बाईची ही गोष्ट आहे. त्यानंतर न ताणणारी टेप, भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागावरून, तीनदा मोजायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत.

अशी धावपळ फुकट गेली तरी चालेल, पण ती करायची. दहातल्या तीनचार मुलांचा शंट पहिल्या वर्षातच अडतो किंवा बिघडतो. दूध घेईना, सारखं ओकतंय, जागंच होत नाही, बुबुळं मावळत्या सूर्यासारखी खाली सरकून वर पांढरं दिसतंय, ताप, झटके, नळीच्या वाटेवर लाली: यातलं काही दिसलं तर सकाळ उजाडायची वाट बघू नका. लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी वेगळी असते, तीही चुकवू नका.

शेजारणी विचारतात, “सहा महिन्यांचा झाला, मान नाही धरत?” आमचा तीन महिने आधी आलाय, म्हणजे मान धरण्याच्या हिशेबानं तो तीन महिन्यांचाच. लस मात्र जन्मतारखेप्रमाणे. हे सूनबाईला रोज सांगावं लागायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मालिशवाली अजून येते. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून हातापायांची मालिश सुरू केली. ती आता आल्याआल्या हात धुते आणि मला विचारते, “माँजी, आज तालू कैसी है?”

बरं, प्रश्न विचारा. घुटीचा प्रश्न येणारच आहे, म्हणून आधीच सांगते: नाही. धुरीचंही तेच उत्तर.