अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईची शिदोरी

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्षबागांमध्ये विरळणीच्या दिवसांत बायका सकाळपासून राबत असतात; मात्र साडीवर चढवलेला लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि डोक्यावरचा वेलींचा मांडव यांतून त्वचेपर्यंत पोहोचणारे ऊन फारच थोडे उरते. नाशिक शहरात, फ्लॅटच्या बंद खिडकीशी उन्हाला बसलेल्या गर्भवतीला तर तेवढेही मिळत नाही, कारण त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे अतिनील-ब किरण काच अडवते. सुमारे 20 अक्षांशावरच्या या उन्हाळ जिल्ह्यात आईच्या अंगात ड जीवनसत्त्वाची कमतरता कशी असेल, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथेच आहे.

गर्भातल्या बाळाची सारी भिस्त आईवर असते. आईच्या यकृतात तयार झालेले या जीवनसत्त्वाचे रूप वारेतून बाळाकडे जाते, आणि जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारणपणे आईच्या 50 ते 80 टक्के भरते. बालरोगतज्ज्ञ एका मिलिलीटर रक्तात 12 नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाणाला कमतरता मानतात. आईच्याच रक्तात जेमतेम 12 असेल, तर बाळ 6 ते 10 एवढीच शिदोरी घेऊन जन्माला येते.

अन्नातले कॅल्शियम शरीरात शोषले जायला ड जीवनसत्त्व लागते, म्हणून 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची अडचण याहून मोठी असते. हाडांत साठणाऱ्या कॅल्शियमपैकी सुमारे 80 टक्के कॅल्शियम त्याला शेवटच्या तीन महिन्यांत मिळायचे असते, आणि नेमका तोच काळ त्याच्या वाट्याला पुरता येत नाही. काचेच्या पेटीत ठेवलेल्या, दीड किलोही न भरणाऱ्या बाळाची हाडे त्यामुळे कमकुवत राहू शकतात. रक्तातले कॅल्शियम फार उतरले, तर झटकेही येऊ शकतात.

आईतील कमतरता आणि अकाली प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे, परंतु तेच अकाली प्रसूतीचे कारण आहे, असे सिद्ध झालेले नाही. बाळ लवकर झाले की घरातली बोटे सुनेकडे वळतात, म्हणून हे आम्ही आवर्जून सांगत आहोत.

आईचे दूध अशा बाळासाठी सर्वोत्तमच. पण त्यात ड जीवनसत्त्व फार थोडे असते. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची रीत मायेची असली, तरी सकाळच्या तिरप्या उन्हात अतिनील-ब किरण कमी असतात, आणि दुपारचे ऊन त्या नाजूक त्वचेला सोसणारे नसते. म्हणून डॉक्टर थेंब लिहून देतात. दिवसाला 400 युनिट ही नेहमीची मात्रा असून, अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वजन आणि तपासण्या पाहून ती वाढवली जाते.

बाजारात एका मिलिलीटरमध्ये 400 युनिट असलेली बाटली मिळते, तशीच 800 युनिट असलेलीही मिळते. घरी सोडण्याआधी परिचारिकेने ड्रॉपरवरची रेघ आईला आणि आजीलाही बोट ठेवून दाखवावी, आणि दुकानदाराने बाटली बदलून दिली, तर ती रेघ पुन्हा विचारून घ्यावी.