चाक गरागरा फिरतंय, गाडी जागची हलत नाही: टॉर्क जातो कुठे?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तीच कमेंट: "डिफरन्शियल सगळा टॉर्क घसरणाऱ्या चाकाला देतो." वर ढीगभर लाइक्स. अहो, नाही देत! (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि डिफरन्शियल म्हणजे तो डाव्या-उजव्या चाकांना वाटणारा गिअरचा संच.)

बेसिक पटकन उरकतो. जोर या क्रमाने पुढे जातो: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्ट (जोर मागे नेणारा लांब दांडा), मग क्राउन-पिनियन (छोटा पिनियन मोठं क्राउन व्हील फिरवतो), डिफरन्शियल, अ‍ॅक्सल (चाकाचा दांडा), चाक. इंजिनचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर धरा. पहिला गिअर साडेतीन पट, क्राउन-पिनियन चार पट, झाले १४००. घर्षणात जातो तो सोडून द्या. वेग मात्र तितक्याच पटीने घटला, फुकट काही मिळत नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून डिफरन्शियल. दोन्ही चाकांना वेग वेगवेगळा, पण टॉर्क सारखाच. ७००-७००.

आता डावं चाक चिखलात. ते ५० न्यूटन-मीटरवरच फिरायला लागतं. मग उजव्याला किती? ५०च! "उरलेले १३०० कुठे गेले?" कुठेच नाही. समोरून विरोधच नाही, तर इंजिन जोर लावणार कशावर?

नाही पटलं? आत बघा. स्टार पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधला छोटा गिअर, दोन्ही चाकांच्या गिअरच्या मधे बसतो, खांद्यावरच्या कावडीसारखा. एका टोकाची घागर काढा, दुसरी तोलून दाखवा बरं.

तरीही कोणीतरी लिहिणारच, "पण फिरतंय तर तेच चाक!" बरोबर. उजवं थांबलंय, म्हणून डावं क्राउन व्हीलच्या दुप्पट वेगाने फिरतंय. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, आणि थांबलेल्या चाकाचा वेग शून्य. तेव्हा "पॉवर घसरणाऱ्या चाकाला जाते" म्हणा, माझी हरकत नाही. टॉर्क म्हणू नका!

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हे न शिकवता कळतं. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबला की त्या बाजूचा विरोध वाढतो, आणि तेवढाच टॉर्क पलीकडच्या चाकालाही मिळतो. कारमधलं ट्रॅक्शन कंट्रोल सेन्सर लावून हेच करतं.

आणि ते "डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय) कायम लावून ठेवू का?" विचारणारे दादा, कोरड्या डांबरी रस्त्यावर अजिबात नको. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, वळताना टायर घासणार आणि अ‍ॅक्सलवर ताण येणार. चिखलातून निघालात की लगेच काढा.