चौथ्या आठवड्यातली पोटदुखी

(पहाटेचं स्वयंपाकघर. ओट्याच्या कडेला एक वही, वहीत अडकवलेलं पेन.)

ही वही माझ्या मुलीच्या पोटाची. तारीख, काय खाल्लं, कुणाकडे खाल्लं, दुखलं का, किती वाजता. मे महिन्यापासून रोज रात्री मी ती लिहिते.

मुलगी अकरा वर्षांची. दोन वर्षं तिचं हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, खजूर झाले, गूळ-शेंगदाणे झाले. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्यांसारखे. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावली की ही दर वर्षी आणखी पुढे. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली. मग दुर्बिणीतून आतड्याचा इवलासा तुकडा काढून तपासला. सिलिॲक. गव्हातलं किंवा जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. यावर गोळी नाही. गहू बंद, जन्मभरासाठी.

पहिले दहा दिवस मला स्वप्नासारखे वाटले. पोट मऊ झालं. जेवताना ताट ढकलणारी मुलगी "आई, अजून अर्धी भाकरी" म्हणाली. मी तिच्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

मग चौथा आठवडा लागला.

(रात्र. पॅसेजमधला दिवा लागतो.)

एका गुरुवारी रात्री ती पोट धरून उठली. उलटी, जुलाब, दुसऱ्या दिवशी नुसती ग्लानी. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

घरात दोन मतं झाली. एक म्हणे, पथ्याचा काही उपयोग नाही, पोरीला पोळी द्या. दुसरं म्हणे, वर्षानुवर्षांचं विष आहे, ते बाहेर पडतंय, दुखू द्या. मी दुसऱ्यावर आठवडाभर विश्वास ठेवला. त्याला कसलाही आधार नाही. पोटात साचलेला गहू महिनाभरानंतर असा बाहेर पडत नसतो. त्या आठवड्यात माझं लेकरू फुकट दुखत राहिलं, आणि हे मला आजही खुपतं.

त्याच दिवसांत मी एका डच डॉक्टरांबद्दल वाचलं. विलेम-कारेल डिके. हेग शहरातल्या लहान मुलांच्या रुग्णालयात ते काम करत. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि बाकी सगळे भुकेने खंगत असताना सिलिॲकची आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी त्यांची दुखणीही परत आली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला. मी ते वाचून वही उघडली. या डॉक्टरांना दुखणं परत येण्यातच उत्तर दिसलं होतं. मग आमच्या घरात पाव कुठून परत येत होता?

(ओट्यावर एकेक डबा ठेवला जातो.)

कुरडई गव्हाच्या चिकाची, शिरा रव्याचा, शेवया गव्हाच्या. हे कुणी सांगायला नको होतं. ते पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. आता जे दिसत नव्हतं ते शोधायला लागले.

पहिला सापडला हिंग. खरा हिंग फार उग्र असतो, म्हणून डबीतला बांधणीचा हिंग पुष्कळदा मैद्यात कालवलेला असतो. आमच्या डबीवर बारीक अक्षरांत ते छापलेलंच होतं. म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीत आम्ही तिला मैदा देत होतो.

दुसरं मेतकूट. सासूबाई आजारी माणसाला काय देणार? मऊ भात, तूप, मेतकूट. आमच्या घरच्या मेतकुटात गहू भाजून घालतात. नात कण्हायला लागली की आजी मायेने तेच कालवून भरवायची, आणि दुखणं लांबायचं. मी हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी ती बरणी त्यांनी स्वतः रिकामी केली.

तिसरी गोष्ट सापडायला मला तीन आठवडे लागले. आमचं ज्वारीचं दळण गुरुवारी येतं.

(पिठाची गिरणी. पट्ट्याचा आवाज. पांढऱ्या धुळीने भरलेली भिंत.)

ज्वारी निवडलेली, ज्वारी शुद्ध. पण गिरणीत आमच्या आधी कुणाचे दहा किलो गहू दळलेले. जात्यात, नळीत, कापडी झोळीत ती कणीक उरते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या डब्यात उतरते. गिरणीवाले दादा चांगले. म्हणाले, "ताई, उद्यापासून सकाळचं पहिलं दळण तुमचं." पण सकाळचं पहिलं म्हणजे आदल्या रात्रीच्या गव्हानंतरचंच.

एवढ्याशा पिठाने काय होतं, असं सगळे विचारतात. हिशोब करून बघा. कणकेत दहा टक्क्यांच्या आसपास ग्लूटेन धरलं, तर अर्ध्या ग्रॅम कणकेत ५० मिलिग्रॅम. अर्धा ग्रॅम म्हणजे बोटांच्या चिमटीत येईल एवढी. एका अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराची हानी झाली. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चिमटीतली ती कणीक किलोभर पिठात पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

मी घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधी गेला नाही, जाणारही नाही. पोळपाट-लाटणं, परात, तवा वेगळे केले. समोसे तळलेल्या तेलातली बटाट्याची भजी बंद, बेसनाची असली तरी.

गुरुवारचं दुखणं थांबलं.

(दुधाचा पेला.)

तरी पोट फुगायचं. उलटी नाही, ग्लानी नाही, नुसता गुबारा आणि कळ. वहीत पाहिलं तर बहुतेक वेळा सकाळी, दूध पिऊन तासाभराने. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीवर असते तशी बारीक लव असते. सिलिॲकमध्ये ती झिजून सपाट होते. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नेमकं त्या लवेच्या टोकांवर तयार होतं. लव नाही तर लॅक्टेज नाही, आणि मग दूध बाधतं. लव परत उगवली की हेही बहुधा ओसरतं. तोवर डॉक्टरांनी दूध कमी करून दही-ताक चालू ठेवलं. ते तिला सोसलं.

ऑगस्टमध्ये आणखी एक झालं, बद्धकोष्ठ. गव्हाच्या भीतीने मी भात आणि साबुदाण्यावरच भर दिला होता. नाचणी, बाजरी, राजगिरा, पालेभाजी परत आणली, आणि सुटलं.

हे पाहणाऱ्या आईबापांना तीन गोष्टी कळकळीने सांगते. तपासणीआधी गहू बंद करू नका. रक्ताचा रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. आणि पथ्य नीट पाळूनही वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, ताप येत असेल किंवा जुलाबांनी रात्री झोपमोड होत असेल, तर वहीवर थांबू नका. दवाखाना गाठा. आणि मनानेच एकेक पदार्थ बंद करत सुटू नका. मी जवळजवळ तेच करत होते. आहारतज्ज्ञ बाईंनी हात धरून थांबवलं.

(उंची मोजण्याची खूण केलेली दाराची चौकट.)

सहा महिने झाले. टीटीजीचा आकडा निम्म्याहून खाली आलाय, नॉर्मल अजून नाही. तो उतरायला कधी वर्षही लागतं, आतडं पूर्ण भरून यायला कधी त्याहून जास्त. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलंय. चौकटीवरची खूण अडीच सेंटीमीटरने सरकली आहे. सासूबाईंनी दिवाळीआधी नवं मेतकूट केलं, गव्हाऐवजी ज्वारी घालून, घरघंटीवर दळून.

(वहीचं शेवटचं भरलेलं पान.)

कालची नोंद. सकाळी नाचणीचं आंबील. डब्यात तांदळाची भाकरी, मेथी. संध्याकाळी मैत्रिणीचा वाढदिवस, केक घेतला नाही, वेफर्स घेतले. रात्री सव्वानऊला थोडं दुखलं, पंधरा मिनिटं.

वेफर्सचं पाकीट मी मैत्रिणीच्या आईकडून मागवलंय.