निरोगी दिसणारी कास, औषधाला न जुमानणारे जिवाणू

(दृश्य: दूध काढण्याच्या फलाटावर उभ्या मेंढ्या. एका कासेवर कॅमेरा स्थिर.)

ही कास नीट पाहा. सूज नाही, लाली नाही, हाताला गरम लागत नाही. धार पांढरी, गाठी नाहीत. तरीही या दुधात स्टॅफिलोकोकस जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्यावर पेनिसिलिन चालेलच असं नाही. दुधाच्या मेंढ्यांमधला बहुतेक कासदाह असाच असतो, बाहेरून काहीही न दाखवणारा. त्याला सुप्त कासदाह म्हणतात.

मेंढीच्या कासेचे दोन भाग, प्रत्येकाला एक सड. दोन्ही भागांतलं दूध आत एकमेकांत मिसळत नाही. म्हणून एक बाजू आजारी आणि दुसरी निरोगी, असं सर्रास आढळतं. तपासणीत हाच फरक उपयोगी पडतो. दोन सडांचं दूध दोन वेगळ्या वाट्यांत घ्यायचं, प्रत्येकात तेवढंच सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाहाची झटपट चाचणी) द्रावण घालायचं आणि दहा-पंधरा सेकंद गोल फिरवायचं. लागण झालेल्या बाजूच्या दुधात शरीराच्या पेशी वाढलेल्या असतात. द्रावणाने त्या फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण चिकट होतं. वेताच्या अखेरीला निरोगी कासेतही पेशी वाढतात, त्यामुळे दोन्ही वाट्या थोड्या घट्ट झाल्या तर लगेच घाबरू नये. एकच घट्ट झाली, तर मात्र त्या सडाचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. कोणता जिवाणू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे सीएमटी सांगत नाही.

(दृश्य: हातमोजे, कापूस, निर्जंतुक नळी.)

नमुना औषध देण्याआधी घ्यायचा. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात सोडायच्या, सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने पुसायचं आणि वाळू द्यायचं. नळी आडवी धरायची, म्हणजे अंगावरची धूळ आणि लोकर आत पडत नाही. सड नळीच्या काठाला लागू द्यायचा नाही. थोडे मिलिलिटर दूध पुरतं. ते बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायचं. प्रयोगशाळेतल्या पेट्रीडिशमध्ये (जिवाणू वाढवायच्या बशीत) तीन-चार प्रकारच्या वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, उगवल्या, तर नमुना बहुधा घेतानाच दूषित झालेला असतो. तो पुन्हा घ्यावा, त्यावरून औषध ठरवू नये.

साठवण टाकीतलं दूध तपासणं सोपं असतं, पण प्रतिरोधी, म्हणजे औषधाला न जुमानणारा, जिवाणू कोणत्या मेंढीचा, की पाइपात साचलेल्या थराचा, हे तिथे कळत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. आगरवर ठेवलेल्या कागदी चकत्या.)

रक्तयुक्त आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) ३७ अंशांना एक-दोन दिवसांत वसाहती उगवतात. त्यातली एक शुद्ध वसाहत घेऊन द्रावण करायचं. त्याचा गढूळपणा मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापावर ०.५ इतका, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जिवाणू. ते म्युलर-हिंटन आगरवर पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. साधारण १६ ते १८ तासांनी प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. द्रावण जास्त दाट किंवा आगरचा थर ४ मिलिमीटरपेक्षा जाड झाला, की वर्तुळ आक्रसतं आणि औषध चालत असूनही अहवालात 'प्रतिरोधी' येतं.

प्रतिरोध कसला, हे इथे फार महत्त्वाचं. काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात. त्यांच्यावर पेनिसिलिनच्याच कुटुंबातलं क्लॉक्सासिलिन चालू शकतं. पण ज्यांच्यात मेकए जनुक आहे, त्यांच्या पेशीभित्तिकेची जडणघडण करणारं प्रथिनच वेगळं असतं. औषध त्याला नीट चिकटत नाही आणि पेनिसिलिनच्या जवळजवळ सगळ्या कुटुंबाचा उपयोग संपतो. हे ओळखायला सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची ३० मायक्रोग्रॅमची चकती वापरतात. मेकए असलेला जनुकांचा तुकडा एका स्टॅफिलोकोकसमधून दुसऱ्यात जाऊ शकतो. ऑरियस ही त्यांतली जास्त घातक समजली जाणारी जात. म्हणून 'ऑरियस नाही ना, मग किरकोळ' हे म्हणणं आम्हाला धोक्याचं वाटतं. कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह, म्हणजे रक्तद्रव गोठवणारं विकर न बनवणारे, स्टॅफिलोकोकस हेच मेंढीच्या सुप्त कासदाहाचं सगळ्यात नेहमीचं कारण, आणि प्रतिरोधाचा साठाही त्यांच्यातच राहतो.

कधी अहवालात औषध चालतं, मेंढी मात्र बरी होत नाही. कासेत जिवाणू चिकट थर करून बसलेले असतात, तिथे औषध पुरेसं पोचत नाही. प्रयोगशाळेत हा थर नसतो.

(दृश्य: सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूब.)

प्रतिरोध वाढवणाऱ्या सवयी ओळखीच्या आहेत. एकच ट्यूब दोन सडांत अर्धी-अर्धी सोडली, की मात्रा अपुरी पडते आणि एका बाजूचे जिवाणू दुसरीकडे जातात. टोक न पुसता ट्यूब घातली, तर जिवाणू आपणच आत ढकलतो. उपचार चालू असलेल्या मेंढीचं दूध कोकरांना पाजलं, तर त्यांच्या आतड्यात प्रतिरोधी जिवाणूच तग धरतात. मेंढ्या आटवताना, म्हणजे वेताच्या शेवटी दूध काढणं थांबवताना, सरसकट कळपाला ट्यूब देणं हेही तसंच. युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून असा नित्याचा वापर बंद केला. सीएमटी किंवा नमुना पाहून फक्त लागण झालेल्या मेंढ्यांना औषध देणं, हाच योग्य मार्ग.

दूध काढताना निरोगी मेंढ्या आधी, लागण झालेल्या शेवटी. यंत्राची निर्वात पातळी ३६ ते ४० किलोपास्कलच्या आसपास ठेवावी. जास्त ओढलं की सडाचं टोक दुखावतं आणि जिवाणूंना वाट मिळते. धार संपताच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. यंत्र आधी कोमट पाण्याने धुवावं. थेट कढत पाणी घातलं, तर दुधातली प्रथिनं नळीला चिकटतात आणि त्या थराखाली जिवाणू टिकतात. भेगा पडलेलं रबर बदलावं, त्या भेगा धुऊन निघत नाहीत.

७२ अंशांना १५ सेकंद पाश्चरीकरण केलं, की औषधाला दाद न देणारे स्टॅफिलोकोकसही मरतात. ऑरियसने आधीच तयार केलेलं विष मात्र त्या उष्णतेत टिकतं. आणि कच्च्या दुधाच्या चीजला तर ही पायरीच नसते. तिथे दुधाची राखण कासेपाशीच करावी लागते.

आटवताना उपचार होऊनही पुढच्या वेतात तीच बाजू पुन्हा घट्ट आली आणि नमुन्यात तोच जिवाणू निघाला, तर तिसरं औषध शोधत बसू नये. ती मेंढी दुधाच्या कळपातून काढावी, दूध कितीही देत असली तरी.