होळीला गाव घरी असतं

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. आज आपल्यासारख्या छोट्या संस्थांबद्दल बोलायचंय, म्हणजे तीन-चार माणसं, भाड्याची एक खोली, एक मोटारसायकल आणि दहा-पंधरा गावं. आपली बरीच मराठी मंडळी इथून धार, झाबुआ, अलीराजपूरकडे असं काम करतात, म्हणून मुद्दाम.

प्लॅनिंग म्हटलं की आपण एप्रिल ते मार्चचा तक्ता काढून बसतो, कारण पैसे देणाऱ्याचं वर्ष तसं चालतं. पण झाबुआकडच्या गावाचं वर्ष तसं नसतंच हो. पावसात मका, सोयाबीन, कापूस, मग दिवाळी झाली की कितीतरी घरं मजुरीला गुजरातेत, आणि होळीच्या आधी भगोरियाचे हाट, म्हणजे भिल्लांचे जत्रेसारखे बाजार, भरले की सगळे परत.

हे आम्ही एका अंगणात शिकलो. जमिनीवर कोळशाने बारा महिन्यांची बारा घरं आखली आणि बायकांना म्हटलं, त्या महिन्यात तुमच्या घरी जितकी माणसं तितके मक्याचे दाणे ठेवा. एका आजींनी पौषाच्या घरात दोनच दाणे ठेवले, एक स्वतःचा, एक नातवाचा. आणि आमच्या तक्त्यात नेमकं त्याच महिन्यात शिलाईचं ट्रेनिंग होतं! एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी काढलेल्या पैशातून, दहा मशीन आल्या होत्या, शिकायला बायकाच नव्हत्या. देणाऱ्याला काय बोलणार, हो आम्हीच म्हटलं होतं.

म्हणून मी कळकळीने सांगतो, तीन वर्षांचा प्लॅन एका पानावर लिहा, कोणती गावं, कोणतं एक काम, आणि कशाला नाही म्हणायचं. ते तिसरं लिहायला सगळ्यात जड जातं, कारण पगार थकलेले असतात आणि समोर चेक असतो, मला कळतं ते.

पैशाचं गणितही बदललंय. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा घेणारी मोठी संस्था तो पुढे छोटीला देऊच शकत नाही, आणि त्या पैशातल्या ऑफिसखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. सीएसआरचा पैसा आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात, पण १ एप्रिल २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेचा सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा फॉर्म भरलेला लागतो. तेव्हा कागद आधी नीट करा, प्रपोजल मग.

आणि गावाकडे काय आहे तेही मोजा ना. भिल्लांमध्ये हलमा म्हणून रीत आहे, एकाचं काम अडलं की बाकीचे मजुरी न घेता हाताला हात लावतात. आपल्या बजेटमध्ये याचा रकानाच नसतो.

आम्ही शिलाई बंद केली आणि तलावातला गाळ काढायचं काम घेतलं, तेही गाव घरी असतं तेव्हाच, होळीनंतरच्या उन्हात, हलमा करून. वर्षाची मीटिंगसुद्धा आता मार्चअखेरला नाही, भगोरियाच्या आठवड्यात, जवळपास हाट नसेल त्या दिवशी, त्याच अंगणात. गेल्या वेळी आजींच्या पौषात चार दाणे होते. मुलगा आणि सून थांबले होते, हरभऱ्याला पाणी द्यायला.